प्रेसवाल्याची जागा

"साहेब, मीटर तिथे का नेलात?"

आवाज मोजायचा मीटर साहेबांनी स्वतःच्या हाताने, तिपाईसकट, पार दाराशी नेऊन ठेवला होता.

"इथे आवाजाचा आकडा मर्यादेत बसतो, मॅडम. जुनाच पंप पास होतो."

"पण तिथे उभं कोण राहतं? पत्रे दाबायची प्रेस या पंपावर चालते, आणि ती चालवणारा माणूस पंपाला खेटून असतो."

टेस्टिंगवाले काका हात पुसत म्हणाले, "अजून जरा मागे न्या, साहेब. कँटीन लागेल. मीटरचा चहाही होईल."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पंपाचं डिझाइन तिच्याकडे होतं, आणि बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून ती या पंपामागे हात धुऊन लागली होती. पिस्टनमधून सुटणारं तेल एकदम धडकायचं, म्हणून पंप किंचाळायचा. तिने तेल सोडणाऱ्या चकतीवर दोन बारीक खाचा पाडल्या, म्हणजे दाब हळूहळू चढेल. प्रेसला काम नसेल तेव्हा मोटारनेही दम खावा, अशी सोय केली. असा सुधारलेला नवा पंप जुन्याच्या शेजारीच बसवला होता. तो चालू असताना माणसाशी बोलता यायचं.

"खाचांसाठी आणखी एक मशिन अडकणार, डिलिव्हरी लांबणार," साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक दाब विचारतं, वेग विचारतं. आवाज विचारलाय कुणी आजवर?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या सासऱ्यांची उमेदीची सगळी वर्षं अशाच एका पंपाशेजारी गेली होती. परवा बाळ पलंगावरून पडलं, रडून रडून निळं झालं, आणि हातभर अंतरावर आजोबा पाठमोरे भाजी निवडत बसले होते. ती धावत आली, त्यांच्यावर नको नको ते ओरडली. तेही त्यांना ऐकू आलं नाही. तेव्हापासून तो राग नेमका कुणावर काढायचा, हे तिला उमगत नव्हतं. आता उमगलं.

"विचारणार कोण, साहेब? विचारायची पाळी येईपर्यंत त्याचे कान गेलेले असतात."

"घरचं घरी ठेवा. जुन्याच्या ड्रॉइंगवर सही करा आणि मोकळ्या व्हा."

"नाही करणार. काका, जुना लावा. पूर्ण दाबावर."

काकांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बटण दाबलं. खोलीभर किंचाळी भरली. ती दाराशी गेली, मीटरसकट तिपाई उचलून आणली, प्रेसवाला उभा राहतो तिथे रोवली आणि स्वतः तिच्या शेजारी उभी राहिली. मीटरच्या काट्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

साहेब दारातूनच बोलत सुटले. हात हवेत, चेहरा लालबुंद. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही पोचत नव्हता.

घरी सासरे अशा वेळी सगळ्यालाच मान डोलावतात, उगाच कुणाला परत बोलायचा त्रास नको म्हणून.

तिने मान डोलावली नाही.