टेबलक्लॉथचा कोपरा

शीतलबागेचा माणूस आंबाबर्फीचा पुडा घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. त्या हॉटेलात मी पस्तीस वर्षं पाण्याचा पंप चालवला. निवृत्तीच्या दिवशी गेटवर माझी पिशवी तपासून मला बाहेर सोडलं होतं. तीच माणसं चौदा वर्षांनी बर्फी आणतात, ती काय माझ्या प्रेमापोटी?

आलेल्याचं नाव शरच्चंद्र गोगटे. हॉटेलचा जनसंपर्क अधिकारी. खुर्चीवर बसण्याआधी त्यानं ती रुमालानं पुसली.

"शीतलबागेला सत्तर वर्षं होतायत, संपतराव. आम्ही इतिहासाचं पुस्तक काढतोय. तुम्ही पेपरात पत्रं वगैरे लिहिता असं कळलं. लेखक म्हणून तुमचं नाव टाकू."

"शहरातले प्राध्यापक संपले का?"

"तुम्ही मूळचे वारज्याचे. शिवाय आतला माणूस. त्याला एक वजन असतं."

वजन. हा शब्द मी लक्षात ठेवला.

त्यानं टाइप केलेले मुद्दे पुढं ठेवले. १९५४ साली नदीकाठच्या 'ओसाड माळावर' हॉटेल उभं राहिलं. तो ओसाड माळ म्हणजे आमचं भुईमुगाचं शेत, पण ते असो. मुंबईचे रेसवाले, नटनट्या, लाकडी डान्स फ्लोअर, शनिवारचा बँड. मग एकसष्टचा पानशेतचा पूर, त्यात हॉटेलचं सगळं दप्तर वाहून गेलं. इथं मला हसू आलं. पुण्यात ज्याला कागद दाखवायचा नसतो, त्याचा कागद पानशेतातच गेलेला असतो. आणि पुढं, पोहण्याचा तलाव आणि नवी लिफ्ट यांच्या मधे, अंग चोरून बसलेलं एक वाक्य: '१९९२ साली काही धोबी कुटुंबांनी मागच्या आवारात तात्पुरता आसरा घेतला.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. पुराच्या दिवशी मी नऊ वर्षांचा होतो. हॉटेलच्या मागच्या चार खोल्यांत धोबीकाम करणारी मदिनाबी आजही राहते; तिचा सासरा त्याच खोल्यांच्या पत्र्यावर चादरींचं गाठोडं कवटाळून बसलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. आणि हे म्हणतात ब्याण्णव.

"हे वाक्य कशाला?"

"इतिहास पूर्ण नको का?" गोगटे म्हणाला आणि त्यानं घड्याळ पाहिलं.

संध्याकाळी मी त्या खोल्यांकडं गेलो. मदिनाबीचा मुलगा मैनुद्दीन दारातच उभा होता. त्यानं बस म्हटलं नाही.

"संपतकाका, आज इकडं कसे? का पाठवलंय कुणी?"

"पाठवलं असतं तर सांगितलं असतं का?"

"म्हणूनच तर विचारतोय. सकाळी तुमच्याकडं त्यांची गाडी होती."

मी मुद्द्यांचा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला आणि आतून दुसरा कागद आणून माझ्या हातात दिला. हॉटेलनं खोल्या खाली करून घ्यायला दावा लावला होता. तिथं त्यांना वाफेच्या आंघोळीची इमारत बांधायची होती. शपथेवर लिहून दिलं होतं की ही माणसं ब्याण्णव साली घुसली, त्याआधी हॉटेलचा आणि त्यांचा काडीचा संबंध नव्हता, हॉटेलचे कपडे कॅम्पातल्या लाँड्रीत जायचे. ब्याण्णवच का, तर मैनुद्दीनच्या नावाचा विजेचा मीटर त्या साली बसला. त्याआधीची वीज हॉटेलच्याच वायरीवर होती.

"पहिल्या मालकानं जागा दिल्याचं पत्र होतं ना तुमच्याकडं?"

"पुरात गेलं." त्यानं दाव्याचा कागद माझ्या हातून परत घेतला. "आमचं खरंच गेलं, काका."

आता ते वजन माझ्या ध्यानात आलं. गावातला माणूस, हॉटेलचा जुना नोकर, त्याच्या नावानं छापलेलं पुस्तक. वकिलानं कोर्टात पान उघडून दाखवायचं, की झालं.

"मी नाही लिहिणार," मी म्हणालो.

"मग दुसरा लिहील. बर्फी कुणाला आवडत नाही?"

आत मदिनाबी उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. वय एक्क्याऐंशी, पण नजर सुईसारखी.

"संपत, हाटेलातल्या त्या नव्या काचेच्या कपाटात काय काय मांडलंय रं?"

"मुद्द्यांच्या कागदात यादी आहे. पहिल्या दिवसाचं मेन्यूकार्ड, चांदीचे काटेचमचे, उद्घाटनाच्या पंगतीचा टेबलक्लॉथ. का, भाभी?"

"त्याचा कोपरा बघून ये. आमच्या सासऱ्याची खूण आसंल. तीन ठिपके आन खाली आडवी रेघ. कापड पयल्यांदा धुवायला आलं की बिब्ब्यानं टोचून वर चुना लावायचा. कापड फाटंल, पर खूण जायची न्हाई." तिनं अंगठा दाखवला. बिब्बा उतून पडलेला काळा डाग तिथं होता. "एका धोब्याची खूण दुसरा लावत न्हाई. जमातीत बसू देत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो. कपाटाशी वाकलो तसा रखवालदार मागं येऊन उभा राहिला. टेबलक्लॉथची घडी अशी घातली होती की कोपरा वर आला होता. गोगट्यानं तो डाग समजून तसाच ठेवला असावा, जुनेपणाची शोभा म्हणून. तीन ठिपके, खाली आडवी रेघ. शेजारी पितळी पट्टीवर कोरलेलं: उद्घाटन समारंभ, १९५४.

मी तडक गोगट्याकडं गेलो.

"पुस्तक लिहितो. पण पुण्याचा वाचक फार संशयी. कपाटातली प्रत्येक वस्तू अस्सल आहे आणि कुठल्या सालची आहे, ते हॉटेलच्या सही-शिक्क्यानिशी द्या. सोबत पूर्ण वस्तूचा फोटो. नाहीतर लोक म्हणतील, जुन्या बाजारातून आणून मांडलंय."

गोगट्याला ते झोंबलं. "आमच्याकडं नक्कल काही नसतं!" त्यानं तिसऱ्या दिवशी सगळं घरपोच पाठवलं. प्रत्येक फोटोच्या मागं सही आणि गोल शिक्का.

टेबलक्लॉथचा फोटो मी मैनुद्दीनला दिला. त्यानं तो उलटासुलटा पाहिला, मग मला पाहिलं.

"यात तुमचा काय फायदा, काका?"

"भुईमुगाचं शेत परत मिळणार आहे मला," मी म्हणालो. तो पहिल्यांदा हसला.

शिवाजीनगरच्या कोर्टात त्याच्या वकिलानं फोटो दाखल केला: हॉटेलच्याच शिक्क्यानिशी चौपन्न सालच्या कापडावर मैनुद्दीनच्या आजोबांची खूण, म्हणजे संबंध ब्याण्णवचा नाही. हॉटेलच्या वकिलानं तो डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा चेहरा उतरला. "फोटोवरून काय सिद्ध होतं?" तो म्हणाला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बरोबर. पुढच्या तारखेला कापडच आणा."

तिथंच मला धोका दिसला. दोन आठवडे कापड त्यांच्याच ताब्यात.

आणि झालं तसंच. पुढच्या तारखेला टेबलक्लॉथ आला, त्याला तीनच कोपरे होते. चौथा तिरपा कापलेला.

"कापड सत्तर वर्षांचं आहे," हॉटेलचा वकील म्हणाला. "आमच्याकडं पहिल्यापासून असंच आहे. फोटोत कुणी संगणकावर काहीतरी केलं असेल."

"फोटोमागं सही कुणाची?" बाईंनी विचारलं.

गोगटे मागच्या बाकावर होता. तो पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकला.

तेवढ्यात मदिनाबी उठली. मैनुद्दीननं तिचा पदर ओढला, पण ती पुढं गेली. "बाईसाहेब, मला हात लावू द्या जरा."

वकील ओरडला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि मान हलवली.

मदिनाबीनं कापलेली कड चिमटीत धरली, उजेडाकडं केली, मग नखानं हलकेच खरवडली.

"कापलेलं कापड एकदा जरी धुतलं ना, तरी कडेचं सूत सुटतं. ह्ये बघा, एक धागा हाललेला न्हाई. ह्या कडेला अजून पानी लागलेलं न्हाई. परवा कापलंय ह्ये."

बाईंनी कड पाहिली. फोटो पाहिला, उलटा करून शिक्का पाहिला. मग गोगट्याला पुढं बोलावून विचारलं, ही सही तुमची का. 'हो' म्हणताना त्याला दोनदा खाकरावं लागलं.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत खोल्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम त्याच दुपारी झाला. टेबलक्लॉथ कोर्टातच जमा करून घेतला. कापलेला तुकडा कुठं आहे, याचा खुलासा हॉटेलनं लेखी द्यायचा.

बाहेर मैनुद्दीननं आम्हाला चहा सांगितला. निकाल लागायला किती वर्षं जातील, त्यात ही माणसं आणखी काय काय कापतील, हे मी आणि मैनुद्दीननं चहाबरोबर गिळलं. मदिनाबी मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"आता काय झालं, अम्मी?"

"सत्तर वर्सं टिकलेलं कापड," ती म्हणाली. "मेल्यांनी कात्री लावली त्याला."