काकांच्या झोपेचं निमित्त

धावपट्टीच्या टोकाशी भाचीनं विमान थांबवलं, इंजिन जेमतेम गुरगुरवलं आणि लगेच रेडिओवर म्हणाली, "मामा, तपासणी झाली. निघते."

आज ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती. मामा तिचा शिक्षकही होता. हातातला चहा त्यानं तसाच खाली ठेवला. वीस सेकंदांत कसली डोंबलाची तपासणी! इंजिन जोरात फिरवायचं आणि ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो आलटून पालटून बंद करून बघायचे, याला तपासणी म्हणतात. पण हे असं उरकणं तिला शिकवलं कुणी? त्यानंच. कुंपणापलीकडे काकूंचं घर होतं. अर्धांगवायू झाल्यापासून काका मोठ्या आवाजानं दचकून रडायचे. "त्यांच्यासाठी एवढं करायचं," असं तो प्रत्येक वेळी तिला सांगायचा.

"थांब. पूर्ण तपासणी कर."

"पण काका झोपले असतील. तूच म्हणतोस ना..."

"कर म्हटलं ना!"

इंजिन गरजलं. भाचीनं एक मॅग्नेटो बंद केला, तसं विमान थडथडलं आणि इंजिन गपकन बंद पडलं. दुसरा मॅग्नेटो आधीच मेलेला होता. किती दिवसांपासून, देव जाणे. पोरीला मामा उरलेल्या एकाच मॅग्नेटोच्या भरवशावर वर धाडणार होता.

तो विमानाकडे धावला, तर भाची आधीच उतरून कुंपणाशी काकूंची आवाजाबद्दल माफी मागत होती. काय झालं ते तिनं त्यांना सांगूनही टाकलं होतं. काकूंचे डोळे भरून आले होते.

"आमच्यापायी पोरीचा जीव जात होता हो," त्या त्याला म्हणाल्या. "आवाज काय, सोसला असता आम्ही."

त्यानं नुसती मान डोलावली असती, तरी विषय मिटला असता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"तुमच्यापायी नाही, काकू. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला घरं नाहीत. तिथं नेऊन सगळं नीट तपासता आलं असतं. जायला-यायला दहा मिनिटं जास्त लागतात. मला कंटाळा यायचा."

काकूंनी डोळे पुसले.

"मग हिला आमचं नाव कशाला सांगत होतात?"

भाची शेजारीच उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.