खरखरीखालची अंगाई

"नीज नीज माझे मैने, पाखरं गेली गं घरट्याला..."

आईचा हा आवाज धाकटीनं तिच्या तोंडून शेवटचा ऐकला तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्याच महिन्यात आई जिन्यावरून पडून वारली. मागे राहिली दादानं टेप केलेली एक कॅसेट. तीही आता झिजत चालली होती, टेपच्या फाटक्या स्पीकरवर नुसत्या ओळी जेमतेम कळायच्या. तुटण्याआधी तो आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, एवढा एकच ध्यास धाकटीनं घेतला होता. पण टेप जोडला की कॉम्प्युटरमधून गांधीलमाश्यांचं पोळं उठायचं. माउस हलवला की करकर, पंखा फिरला की घूं.

"मदरबोर्डवरचं साउंड असंच, ताई," दुकानदार म्हणाला. "सगळ्या गोंगाटाच्या मधोमध बसलेलं. आत बसवायचं स्वस्त साउंड कार्ड घ्याल तर कदाचित तीच रड. हे यूएसबीचं न्या, बाहेर राहतं. टेपची वायर लावायला वेगळं भोक, लाइन-इन, आहे याला. नुसतं माइकचं भोक असलं की टेपचा आवाज फाटतो."

"याहून स्वस्त काही?"

"याहून स्वस्त म्हणजे कानात कापूस."

हसतच धाकटीनं ती यूएसबीची काडेपेटीएवढी डबी घरी आणली. टेपची वायर जोडते न जोडते तोच दादा आला. आठवडाभर तो एकच धोशा लावून होता, आहे तेवढं पुरे की.

"काढ ते."

"एकदा ऐकू तर दे."

"काढ म्हणतो ना."

त्यानं वायर हिसडली. तिनं डबी छातीशी धरली. त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती कपाटावर आदळली. काच फुटली, कोपरातून रक्ताची धार लागली. हाच दादा तिच्या वेण्या घालायचा. ती त्याच्या हाताला कडकडून चावली, तोंडात खारट चव आली तरी सोडेना. शेवटी तोच मागे सरला.

आतल्या खोलीत बाबांनी काठी आपटली. अर्धं अंग लुळं पडलेलं. धाकटीच्या हातचा घास लागायचा त्यांना.

"जा, त्यांना भरव," दादा धापा टाकत म्हणाला.

ती गेली नाही. रक्ताळल्या बोटांनी तिनं वायर परत खोचली, बटण दाबलं.

पोळं उठलं नाही. पहाटेच्या पाण्यासारखा नितळ आवाज आला. नीज नीज माझे मैने. आणि मागून धप्प. आवाज चढला, पाखरं गेली गं. पुन्हा धप्प. ओळ मधेच तुटली, दातांवर दात दाबल्यासारखा श्वास, आणि तीच ओळ आणखी मोठ्यानं. मग एक खोकला, घशात खरवडून निघालेला. तसाच खोकला त्याच क्षणी आतल्या खोलीतूनही आला.

धाकटीनं वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

दादा काचांमध्येच खाली बसला.

"तू माझ्या मांडीवर होतीस," तो म्हणाला. "ती दाराआडून गात होती, तुला दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून. कुणाला तरी ऐकवीन म्हणून मी टेप चालू केला. नाही ऐकवला."

आत काठी आपटतच होती.

"तू रोज त्यांना घास भरवतेस. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?" त्यानं चावलेला हात पोटाशी धरला. "आई पडली नाही गं. बाबांनी ढकललं. मी जिन्यातच उभा होतो."