सात सुइणी

निजामाच्या मोगलाईत दवाखाना असलाच तर पार बीडला. नांदूरघाटच्या बायांना आधार साखराबाईच्या हातांचा. वीस वर्षांत तिनं शे-दीडशे बाळंतपणं केली असतील. पण माघात अर्जुनरावांची सून वच्छला तिच्या डोळ्यांदेखत गेली. मूल जगलं, आईचं अंगावरून जायचं काही थांबलं नाही.

कुणी बोल लावला नाही. अर्जुनरावांनी उलट हात जोडले. तरी साखराबाई घरी आली ती सोप्यात बसून राहिली. पीठ मळायला घेतलं की हात लाल दिसायचे. पुढं दोन घरची बोलावणी आली, ती तिनं परत लावली. नवरा हरिबा मेंढरांमागं फिरणारा, त्याला समजूत घालता येईना. केजच्या बाजारात अमीनाबी सुईण भेटली, तिच्याजवळ त्यानं मन मोकळं केलं.

वच्छला गेल्याच्या आठव्या दिवशी सकाळी अंगणात बाया आल्या. एक नाही, सात. पुढं धारूरची दगडाबाई, सत्तरीची, काठी टेकत. दोन दिवस चालत आली होती. अमीनाबीनं निरोप धाडून गोळा केलेल्या, सगळ्या त्या भागातल्या सुइणी; ती स्वतःही त्यांत होती. एरवी एकमेकींच्या हातचं पाणी न पिणाऱ्या जातींच्या त्या बाया एकाच चुलीभोवती बसलेल्या बघून हरिबा दारातच थबकला.

समजुतीचा शब्द कुणी काढला नाही. दगडाबाईनं पाणी तापवायला सांगितलं. साखराबाईला पाटावर बसवून त्यांनी तेल लावलं, पाठ रगडली, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. मग बाजेखाली शेगडी सरकवून ओवा-शेपांची धुरी दिली. अगदी बाळंतिणीसारखं. तिला शरम वाटत होती. दुसऱ्यांच्या लेकीसुनांना ती हे करायची, तिला कुणी कधी केलं नव्हतं.

शेक चालू असताना दगडाबाई बोलायला लागली.

"माज्या हातात अकरा गेल्या. पयली कोंडा. सोळा वर्साची व्हती, हिरवा चुडा घातलेला."

अकराही नावं तिनं घेतली. कुणाचं गाव, कुणाचं शेवटचं बोलणं. मग अमीनाबीनं तिच्या चौघी सांगितल्या. मग तिसरी, मग चौथी. साखराबाई ऐकत राहिली. एवढ्या मेलेल्या बाया उराशी धरून ह्या हसतात, बाजार करतात, पुन्हा बोलावलं की निघतात!

सातवी थांबली, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तरी साखराबाई बोलली.

"वच्छलानं पानी मागितलं. मी म्हनलं, थांब जरा, वार पडू दे. वार पडली, पर तवर तिची शुद्ध गेलती. पानी ऱ्हाऊनच गेलं."

आठ दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. ते ओसरेपर्यंत अमीनाबीनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

"ती आता तुज्या एकलीची न्हाई," दगडाबाई म्हणाली. "आमी समद्या ध्यानात ठिऊ."

आणि सातही जणींनी हळू आवाजात तिचं नाव घेतलं. वच्छला. जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं तिचं.

दुपारी भाकरी खाऊन सहा जणी आपापल्या वाटेनं गेल्या. अमीनाबी मात्र राहिली. तिसऱ्या दिवशी गावातून बोलावणं आलं, तशी तिनं साखराबाईची पिशवी खांद्याला लावली आणि तिला घेऊन निघाली. त्या घरी साखराबाईचे हात बराच वेळ कापत होते. अमीनाबी मागं बसून होती, मधे पडली नाही. मुलाचं डोकं दिसलं तेव्हा आपले हात स्थिर झालेत हे साखराबाईच्या लक्षातही आलं नाही.