जऊळक्याच्या काल्यातली साक्ष

या, जरा जवळ सरकून बसा. पानाचा डबा मधे ठेवा आणि हातातलं काम बाजूला सारा. मी काही बुवा नाही. जन्मभर बुवांच्या मागे उभं राहून टाळ वाजवला, कीर्तन ऐकताना रडलो, हसलो, एवढीच माझी कमाई. पण एक आख्यान माझ्या डोळ्यांदेखत घडलं. ते कोणत्याच पोथीत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं.

साल एकोणीसशे सेहेचाळीस, महिना चैत्र. मी तेव्हा वाशीमला शालिग्रामभाऊंच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो. शालिग्रामभाऊ दर आठवड्याला चार पानांचं पत्र काढत. छपाई फिकट, कागद त्याहून फिकट. बाजारातले लोक तोंडावर म्हणत, "भाऊ, तुमच्या पेपरात मिरची बांधली तं अक्षरं मिरचीले लागतात." भाऊ म्हणत, "लागू द्या. तिखट हायेत म्हून लागतात."

लढाई संपली आणि आपल्या भागातून पलटणीत गेलेले लोक एकेक करून परतू लागले, तसा या माणसाचा नूर बदलला. समुद्रापलीकडे एका बेटावर जपान्यांनी आपल्या शिपायांना कैदेत ठेवलं होतं. तिथं काय काय झालं ते भाऊ गावोगाव फिरून विचारत. रिसोडला बैलगाडीनं जात, अनसिंगला जात, ओसरीवर बसून लिहून घेत. त्याचं एक पुस्तकही त्यांनी काढलं. मीच जुळवलं ते. शिवाय दर आठवड्याला दिल्लीला एक अर्ज. मागणी एकच: ज्या जपानी साहेबाच्या हाताखाली ही माणसं मेली, त्याच्यावर खटला भरा.

उत्तर यायचं, तेही दर वेळी एकच. तुमच्या अकरा जबान्या ऐकीव आहेत. डोळ्यांनी पाहिलेला माणूस द्या. आणि शेवटच्या पत्रात मुदत होती. एक अधिकारी पुढल्या मंगळवारी वाशीमच्या डाकबंगल्यावर येईल. त्या दिवशी साक्षीदार मिळाला नाही तर त्या साहेबाचा कागद बंद होईल आणि त्याला जहाजानं त्याच्या घरी धाडतील.

त्या साहेबाच्या हाताखालून जिवंत परतलेला माणूस एकच होता. जऊळक्याचा जानराव.

जानराव माझा गुरुभाऊ. आम्ही दोघांनी एकाच दिवशी रामकिसनबुवांच्या हातून तुळशीची माळ घेतली होती. गडी असा, की कीर्तनात अभंगाचा चरण चढला की याचे पाय जमिनीवर राहात नसत. तो लढाईवरून आला, त्याला चार महिने झाले होते. गळ्यात माळ नव्हती. कीर्तनाला यायचा, खांबाशी बसायचा, आणि प्रसादाच्या आधी उठून जायचा. त्याची बायको अंजना मला म्हणाली होती, "भाऊजी, माह्या हातचं खात नाई हे. येगळी चूल मांडली. भाकर थापतात अन् पाठ करून खातात."

शालिग्रामभाऊ त्याच्याकडे पाच वेळा गेले. दर वेळी जानराव एवढंच म्हणे, "मले काई ठाव नाई, भाऊ. मी पाह्यलं नाई." आणि पाठ वळवून आपल्या चुलीपुढं बसे.

त्याच्याबरोबर गेलेला, जऊळक्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा सोमला परत आला नव्हता. सोमलाची आई रामीबाई दर बाजारी छापखान्यात यायची. दारात बसून विचारायची, "भाऊ, माह्या लेकाची चिठ्ठी आली का?" भाऊ नाही म्हणत. ती पाणी पिऊन जायची.

त्या चैत्रात जऊळक्याला सप्ता बसला. सात दिवस भजन, आणि शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, काल्याचं कीर्तन. काला म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे: दही, लाह्या, डाळं, लोणचं, सगळ्यांच्या घरचं एका घागरीत. कीर्तन संपलं की जातपात न बघता एकमेकांच्या तोंडात घास द्यायचा. देवळातल्या मंडळींनी ठरवलं, की या दिवशी जानरावला नवी माळ घालायची. कोणालाच वाटलं नाही, की यात काही चूक आहे. सगळे म्हणाले, जपान्यानं त्याची माळ तोडली म्हणून पोरगा मनातून खचला, माळ गळ्यात पडली की पुन्हा नाचेल. मीही तसंच म्हणालो. देहूकडून येणाऱ्या एका गृहस्थाकडून ती माळ आणवली ती मीच.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी आणि शालिग्रामभाऊ जऊळक्याला उतरलो. भाऊंना कीर्तनाचं फारसं वेड नव्हतं. ते आले होते मंगळवारच्या काळजीनं.

"आज पुन्हा त्याले छळनार का?" मी विचारलं.

"आज नाई," ते म्हणाले. "आज नुसता बसतो. कदाचित तोच बोलंल."

"अन् नाई बोलला तं?"

"तं तो साहेब घरी जाईन, पोराबाळांत. अन् रामीबाई चिठ्ठी इचारत राहीन."

देऊळ भरलं होतं. बायकांच्या बाजूला रामीबाईही होती. कडेला, आपला घागरा सावरून. भाऊ दाराशी वही मांडीवर ठेवून बसले. बुवांचं कीर्तन रंगलं. कृष्णानं सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तो प्रसंग बुवा असा सांगत की पेंद्या तुमच्या शेजारी बसलाय असं वाटावं. एका म्हाताऱ्याला ते म्हणाले, "तात्या, डोयाले पानी आलं का झोप आली?" तात्या म्हणाला, "दोनी, बुवा." देऊळ हसलं. जानरावही हसला, मी पाहिलं.

मग बुवांनी त्याला हाक मारली. दोघांनी धरून त्याला पुढं आणलं आणि बुवांनी स्वतः बाजूला होऊन त्याला नारदाच्या गादीवर उभं केलं. आता ही गादी म्हणजे काय, तर कीर्तनकार उभा राहतो ती जागा, चादरीएवढी. पण आमच्याकडची रीत अशी, की तिथं उभं राहून खोटं बोलायचं नाही. चोरसुद्धा तिथं खोटं बोलत नाही असं म्हणतात.

माळ घालायची तर बुवांनी विचारायचं असतं. माळ कशी गेली? तुटली, हरवली की हिसकली? आपणहून काढली असेल तर आधी प्रायश्चित्त. ही विचारपूस केवळ रीतीची. बुवांनी हसतच विचारलं, "बोल जानराव, त्या दुष्टायनं कशी हिसकली माळ?"

मृदंगवाल्यानं उगीच एक थाप दिली.

"हिसकली नाई, बुवा," तो म्हणाला. "मीच काढली."

"काहून रे?"

"खायाचं होतं म्हून."

लोकांना समजेना. बुवा म्हणाले, "अरे, कैदेत मांस खाल्लं असशील. आपद्धर्म हाय तो. देव समजते."

"कायचं मांस, ते तं इचारा बुवा."

त्याचा आवाज काही चढला नाही. बाजारात भाव सांगावा तसा तो बोलत होता.

"बारा दिवस आमी पानं उकडून खात होतो," तो म्हणाला. "सोमलाचे पाय सुजले होते. ओझं उचलत नोतं त्याच्यानं. सकाळच्या हजेरीले तो साहेब आला अन् बोटानं सोमलाले दाखवलं. दोन शिपाई त्याले झाडीत घेऊन गेले, मागून साहेब गेला. मी पाह्यलं. गोळी एकच वाजली. दुपारी आमच्यासाठी रस्सा आला. त्याच्यात मांस होतं. कैद झाल्यापासून पैल्यांदा. कोनी काई इचारलं नाई. मी माळ काढली, खिशात ठेवली, अन् खाल्लं. दोन खेप मांगून खाल्लं. दुसऱ्या दिवशी लाकडं आनायले झाडीत गेलो, तं तिथं तो पडला होता. मांड्या नोत्या त्याले. डावा हात तेवढा धड होता. त्याच्यावर गोंदण होतं."

मी टाळ हातात धरून उभा होतो. टाळांचा आवाज होऊ नये म्हणून मी ते छातीशी दाबले, एवढंच मला आठवतं. तीस वर्षं ज्या बुवांना शब्द कमी पडला नाही, ते वीणा धरून उभे होते आणि त्यांना देवाचं नावही सुचेना. बायकांच्या बाजूला कोणीतरी ओकलं. माणसं मागं सरकू लागली; भिंतीला पाठ लागली तरी सरकत होती. मला वाटलं, मी ऐकलं ते ऐकलंच नाही. शेजाऱ्याकडं पाहिलं, तर त्याचेही डोळे तसेच.

तेवढ्यात रामीबाई उठली. रस्ता कोणी दिला नाही, तो आपोआप झाला. ती गादीपुढं येऊन उभी राहिली. जानरावनं खाली वाकून तिचे पाय धरायला हात पुढं केले. ती एक पाऊल मागं झाली.

"गोंदण कायचं होतं?" तिनं विचारलं.

"इंचू होता, माय. अन् त्याची नांगी अर्धी."

रामीबाईनं डोळे मिटले. "रडला म्हून अर्धी ऱ्हायली," ती म्हणाली. "चार वर्साचा होता."

"माय, मले माफ–"

"माफी मांगू नको माह्याजवळ. थे मी देऊ शकत नाई. त्या साहेबाचं नाव तुले ठाव हाय का?"

"हाय. रोज हजेरीले घ्या लागे."

"मंग सांग."

त्यानं सांगितलं. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही.

रामीबाईनं मागं वळून दाराकडं पाहिलं. शालिग्रामभाऊ वही मांडीवर घेऊन बसले होते. लढाई संपल्यापासून ज्या साक्षीसाठी हा माणूस वणवण फिरला, ती समोर चालली होती, आणि वहीचं पान कोरं होतं. पेन्सिल बोटांतून खाली पडली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"भाऊ," रामीबाई म्हणाली, "तू लिवून काहून नाई राह्यला? लिव."

त्यांनी पेन्सिल शोधली. जानरावला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. आणि ते दुसऱ्यांदा ऐकायला त्या देवळात आम्ही पाचसहाजणच उरलो होतो. काल्याची घागर गाभाऱ्याच्या दाराशी तशीच. इतकी वर्षं सप्ते केले. काला कोणी खाल्ला नाही असं कधी पाहिलं नव्हतं. दह्यावर माशा बसू लागल्या तेव्हा बुवांनी स्वतःचं उपरणं काढून घागरीवर टाकलं.

आता माझं सांगतो, कारण लपवलं तर या आख्यानाला अर्थ नाही. कीर्तन संपलं की आम्ही टाळकरी एकमेकांच्या पाया पडतो. जानराव गादीवरून उतरला आणि सवयीनं माझ्याकडं वाकला. मी हात पाठीमागं घेतले. जाणूनबुजून नाही, पण घेतले. त्यानं ते पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला.

मंगळवारी डाकबंगल्यावर साक्षीदाराची ओळख पटवायला दोन माणसं हवी होती. जऊळक्याहून कोणी आलं नाही. एकाला ताप, एकाचं लग्नकार्य. शालिग्रामभाऊ मला काही म्हणाले नाहीत. ते खिळ्यांच्या पेटीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "हिरालाल, अर्ज माहाच. म्हून माही सही चालत नाई." मी हात धुतले आणि त्यांच्यामागं गेलो.

जानराव व्हरांड्यात एकटा बसला होता. अंजना फाटकाबाहेर, पदर डोक्यावर. गोरा साहेब, दुभाष्या, मेजावर कागद. जबानी झाली. साहेब मधेच उठून खिडकीशी गेला आणि परत येऊन त्यानं दौत पुढं ओढली. मग मला दुभाष्यानं विचारलं, "तुमचं याच्याशी नातं काय?"

"गुरुभाऊ," मी म्हणालो. "एका दिवशी माळ घातली आमी."

मी सही केली. वाऱ्यानं कागद उडत होता म्हणून जानरावनं तो धरला. त्याच्या बोटाला माझं बोट लागलं, आणि या वेळी मी हात तिथंच ठेवला. त्याहून जास्त काही मला जमलं नाही.

दुसरी ओळख द्यायला तांड्यावरून रामीबाई चालत आली होती.

"तुझं याच्याशी नातं काय, बाई?"

"माह्या लेकाले शेवटचं यानं पाह्यलं," ती म्हणाली आणि अंगठा पुढं केला. दुभाष्यानं साहेबाला ते सांगितलं. नात्याच्या रकान्यात काय लिहावं हे साहेबाला कळेना. शेवटी त्यानं तो रकाना कोराच ठेवला.

खटला चालला. नऊ महिन्यांनी पत्र आलं. त्या जपानी साहेबाला फाशीची शिक्षा झाली होती. शालिग्रामभाऊंनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आरोप असा लिहिला होता: एका हिंदी कैद्याचा खून.

"एका हिंदी कैद्याचा," भाऊ म्हणाले. "नाव कुठाय?"

जबानीत नाव होतं. मी सही केली त्या कागदावर चार ठिकाणी होतं. निकालात ते गळालं. भाऊंनी त्याच दिवशी दिल्लीला अर्ज लिहिला. मग राज्य बदललं, तेव्हा नव्या सरकारलाही लिहिला. उत्तर असं आलं, की निकाल झाला आहे, आता दुरुस्ती होत नाही. भाऊ जगले तोवर लिहीत राहिले. रामीबाई त्याआधीच गेली. जानराव जऊळक्यालाच राहिला. गावानं त्याला बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. अंजनानं मात्र वेगळी चूल एके दिवशी आपल्या हातानं मोडली.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. सरकारी कागदात जे राहिलं नाही, ते तुमच्याजवळ राहू द्या. त्याचं नाव सोमला. जऊळक्याजवळच्या तांड्यावरचा, रामीबाईचा लेक. चोवीस वर्षांचा होता. घरी गेल्यावर एकदा तरी त्याचं नाव मोठ्यानं घ्या, आणि कोणी विचारलं तर सांगा, कोण होता तो.