चित्रातला पत्ता

हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना साधी अक्षरं आवडत नसत. "अहो, ही तर सरकारी नोटीस वाटतेय," असं म्हणून त्यांनी वेबसाइटवरची सूचना परत पाठवली. सूचना एवढीच होती की हृदयविभाग जुन्या इमारतीतून पुलापलीकडच्या नव्या इमारतीत गेला आहे. साइटचं काम जिच्याकडे होतं त्या डिझायनर मुलीनं मग कंबर कसली. मोतिया रंगाचं एक चित्र, कोपऱ्यात फूल, त्यावर फिकट करड्या रंगात नाजूक वळणाची अक्षरं. नवा पत्ता, फोन नंबर, भेटीचे नियम, सगळं तिनं त्या चित्रातच बसवलं. व्यवस्थापक खूश. तिचे साहेब खूश. ऑफिसात कौतुक झालं, चहा झाला.

नाखूश होता तो फक्त साइट तपासणारा सहकारी. त्याला सगळे शंकासुर म्हणत.

"हे नुसतं चित्र झालं. मजकूर कुठाय?" त्यानं विचारलं.

"चित्रातच आहे की! डोळे आहेत ना तुला?"

"मला आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पानावरची अक्षरं वाचून दाखवतो. चित्रातली कशी वाचणार? आणि सर्चला तरी तो पत्ता कुठून सापडणार? निदान चित्रामागे फोनला वाचता येईल असं त्याचं वर्णन लिही."

"अरे बाबा, आज साइट चालू करायचीय. नंतर टाकते."

मंडळी, हे 'नंतर' तुमच्या-आमच्या चांगल्या ओळखीचं आहे. आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर त्याचा एक ढीग साचलेला असतो. त्या ढिगाखाली कोण सापडलंय, हे आपण वाकून बघत नाही इतकंच.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, ज्याला दिसत नाही असं माणूस या मुलीच्या घरातच होतं. तिची मावशी. आई गेल्यावर हिला मावशीनंच वाढवलं होतं. मावशी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. पुढे काचबिंदूनं तिची नजर गेली, पण हिंमत गेली नाही. बोलणारा फोन ती असा सराईतपणे चालवी की शेजारणी बघत राहत. भाचीला त्या फोनच्या बडबडीची इतकी सवय झाली होती की आपलं काम त्यावर एकदा ऐकून बघावं, असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

मावशीची एक जिवाची मैत्रीण होती. लांबच्या गावांचे ट्रंक कॉल जोडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून तिचं नाव ट्रंकवाली पडलं ते पडलंच. एक्सचेंजमध्ये शिस्त अशी की कॉल जोडायचा बोर्ड क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही. पुढच्या पाळीची बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, "आले मी." मगच खुर्चीतली बाई उठायची. या दोघींनी उभी नोकरी एकमेकींच्या खांद्यावर असा हात ठेवत काढली. नोकरी संपल्यावरही रोज संध्याकाळी फोनवर पहिला शब्द तोच असे. "आले मी."

साइट चालू झाल्यावर थोड्याच दिवसांनी एकदा सकाळी भाची कामावर गेली आणि थोड्या वेळात ट्रंकवालीच्या वहिनीचा फोन आला. ती रडत होती. "रात्री वन्संच्या छातीत कळ आली, दवाखान्यात हलवलं हो. डॉक्टर म्हणतात, भरवसा नाही. सारखं तुमचंच नाव घेतायत. 'ती आली का?' म्हणून विचारतायत. लगेच निघा."

"नेहमीच्याच हॉस्पिटलात ना?"

"हो, हो, तिथंच!" आणि फोन बंद झाला.

मावशीनं पुन्हा लावला. लागेना. आत फोन बंद ठेवायला सांगत असावेत. ऑफिसच्या वेळात भाचीला त्रास द्यायचा नाही हा तिचा जुना बाणा. चौकशीसाठी तिनं हॉस्पिटलची वेबसाइट उघडली आणि बोट फिरवलं.

"चित्र," फोन म्हणाला. "बॅनर फायनल नवीन तीन."

चित्राच्या फाइलचं नुसतं नाव. तिनं पुन्हा बोट फिरवलं. "चित्र. बॅनर फायनल नवीन तीन." खाली सरकली. "बटण. बटण. इथे क्लिक करा." कशासाठी क्लिक करा, ते फोनला ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलचा नंबर कुठे सापडेना. शेवटी तिनं हॉस्पिटलचं नाव घेऊन तोंडानंच विचारलं, "हृदयविभाग कुठे आहे?" सर्चनं ताबडतोब पत्ता सांगितला. जुन्या इमारतीचा.

मावशी रिक्षा करून तिथं पोचली. दारातच रंगाचा वास आला. आत ठोकाठोक चालली होती. रखवालदार म्हणाला, "आजी, सगळे पुलापलीकडे गेले की! वेबसाइटवर टाकलंय म्हणतात."

पुलावर गाड्यांची ही रांग. मावशी मागच्या सीटवर काठी घट्ट धरून बसली होती आणि रिक्षावाल्याला फक्त एवढंच विचारत होती, "पूल संपला का हो?"

नव्या इमारतीत वहिनीनं तिला दारातच मिठी मारली आणि हंबरडा फोडला. मावशी समजली. तिला पलंगाशी नेलं. तिनं चाचपडत मैत्रिणीचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. अंग अजून कोमट होतं. पण "आले मी" हे शब्द तिच्या तोंडून फुटेनात. ऐकणारं तिथं कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी भाची घरी आली तेव्हा मावशी खुर्चीत बसली होती, पायात बाहेरच्या चपला तशाच. घरात चपला घालणाऱ्याला आयुष्यभर फैलावर घेणारी मावशी! भाची तिच्याजवळ जाऊन बसली. हळूहळू सगळी हकीकत कळली.

"तुमच्या ऑफिसात कुणाला ठाऊक असेल का गं, ती वेबसाइट कुणी केलीय?" मावशीनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मावशीला तिचा चेहरा दिसणार नव्हता.

"मी केलीय, मावशी."

मावशी तिच्या आवाजाकडे वळली. मग म्हणाली, "काय होतं त्या चित्रात? वाच मला."

भाचीनं फोन काढला. डोळ्यांतल्या पाण्यातून आपलीच फिकट अक्षरं तिला दिसेनात. तिनं डोळे पुसले आणि वाचलं. हृदयविभाग आता नव्या इमारतीत. पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीसमोर. चौकशीसाठी या नंबरवर फोन करा. गंभीर रुग्णाजवळ एका नातेवाइकाला कधीही थांबता येईल.

"एवढंच?"

"एवढंच."

"चार ओळी होत्या गं," मावशी म्हणाली. "मग लिहायच्या होत्यास की!"

हाय रे देवा! ती रागावली असती, तोंडाला येईल ते बोलली असती, तर भाचीनं ते सोसलं असतं. पण या साध्या बोलण्यानं ती मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली.

मावशीनं तिच्या केसांतून हात फिरवला. "ऐक. बोर्डावर बसल्यावर पलीकडे कोण आहे ते आम्हाला कुठे दिसायचं? तोतरा असो, बहिरा असो, नंबर जोडून द्यायचा. आवाज गोड नाही म्हणून आम्ही कुणाची लाइन तोडली नाही. तू दार सजवलंस बाळा, पण माझ्यासारखीला आत यायला कडीच ठेवली नाहीस. आणि हे फक्त आंधळ्यांचं नाही. उन्हात उभं राहून फोन बघणारा आहे, चष्मा घरी विसरलेला आहे, घाबरलेला आहे. हॉस्पिटलची साइट सुखासुखी कोण उघडतं?"

दुसऱ्या दिवशी भाची ऑफिसात गेली आणि शंकासुरासमोर जाऊन बसली. तिचा चेहरा बघून त्यानं लगेच साइट उघडली. ते चित्र काढून टाकलं. पत्ता आणि नंबर सरळ अक्षरांत लिहिले, नंबर असा की बोट लावताच फोन लागावा. 'इथे क्लिक करा' जाऊन 'हृदयविभागाचा रस्ता पाहा' आलं. अक्षरं गडद झाली, पानाच्या भागांना मथळे मिळाले, जी चित्रं ठेवली त्यांच्यामागे वर्णन आलं. मग दोघांनी कॉम्प्युटरचा पडदा बंद करून सगळी साइट नुसती कानांनी ऐकली. व्यवस्थापकांनी "पुन्हा रुक्ष केलंत!" म्हणून नाक मुरडलं. त्यांना भाचीनं आपल्या मावशीची गोष्ट सांगितली. मग त्यांनी ते पान तसंच राहू दिलं. पुढे सर्चही हळूहळू नवा पत्ता सांगू लागला. आंधळ्याला जे ऐकू येतं तेच सर्चलाही सापडतं, हे तिला त्या दिवसांत कळलं.

मित्रहो, आपण सगळेच कुणासाठी तरी काही मांडत असतो. पाटी रंगवतो, सूचना लावतो, साइट बनवतो. ती सुंदर जरूर करावी, पण आधी ती पोचली पाहिजे. ज्याला दिसत नाही, त्याच्यापर्यंत सगळ्यात आधी!

नवी साइट भाचीनं मावशीच्या हातात दिली. मावशीनं बोट फिरवलं. फोन एकेक ओळ वाचू लागला. पूल आला, पाण्याची टाकी आली. 'गंभीर रुग्णाजवळ एका नातेवाइकाला' हे ऐकताना तिचा चेहरा हलला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुझ्यासाठी केलं, मावशी," भाची म्हणाली.

"माझं आता तिथं काय काम?" मावशी म्हणाली. तिनं चाचपडत भाचीचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. "माझ्यामागून जी येईल ना, तिच्यासाठी केलंस म्हण. ती तरी वेळेवर पोचू दे."