डमीची धग

कुलूप उघडता उघडता काकांनी मनातल्या मनात आरोपींची यादी तयार केली. पहिला फ्यूज, दुसऱ्या बॅटऱ्या, तिसरे उंदीर. टेकडीवरचा रिपीटर मुका झाला की या तिघांपैकी कुणाचा तरी हात असायचाच. शिवाय काल विजाही चमकल्या होत्या.

"वीजच पडली असणार, काका," कंट्रोल रूमच्या ताई सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या. "काल संध्याकाळपासून दरीतून एक शब्द नाही. मी ओरडून ओरडून थकले, कुणी ओ देत नाही."

"गळा जपा, ताई. हा निघालोच," असं म्हणून काका निघाले होते. चढावर खिशातल्या लाल फडक्याने घाम पुसताना त्यांना एकट्यालाच हसू येत होतं. कालच ते आजोबा झाले होते. अर्धी रात्र दवाखान्याच्या बाकावर काढली होती, तरी पाय तरुण माणसासारखे पडत होते.

फ्यूज शाबूत निघाला. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. उंदरांनी या खेपेला चक्क सभ्यपणा दाखवला होता. वीज पडल्याचा कुठे डाग नाही, वास नाही. सेट तर झकास चालू होता.

काम तसं साधं होतं त्या सेटचं. खाली गावात कंट्रोल, पलीकडे दरीत आणि डोंगरांवर वनखात्याच्या चौक्या, आणि मध्ये ही टेकडी आडवी. इकडचा आवाज तिकडे पोचायचा नाही. म्हणून टेकडीच्या माथ्यावर हा रिपीटर बसवलेला. काकांच्या भाषेत त्याला एक कान आणि एक तोंड. एका अँटेनाने ऐकायचं आणि तेच दुसरीने जोरात सांगायचं. "चुगलखोर आहे आपला," असं ते कौतुकाने म्हणत.

काका सेटच्या मागे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

तोंडाची केबल भिंतीला लोंबकळत होती. तिच्या जागी डमी बसवलेला होता. त्यांचाच डमी, कोपऱ्यावर त्यांनीच रंगाने खूण केलेला.

चाचणी घेताना सेटचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून केबल काढून तिथे डमी लावतात. वीतभर लांबीचा, पात्यांपात्यांचा जड ठोकळा. सेट जे बोलेल ते सगळं तो गिळतो आणि त्याची उष्णता करून टाकतो. खोलीपुरता थोडा आवाज झिरपतो. खोलीच्या बाहेर काही जात नाही.

काकांचा हात खिशाकडे गेला. केबल काढली की तिला लाल फडकं बांधायचं आणि ते सुटल्याशिवाय खोलीला कुलूप लावायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. सत्तावीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. काल त्यांनी केबल काढली, डमी बसवला, फडकं हातात घेतलं आणि फोन वाजला. जावई होता. "मुलगी झाली, बाबा. दोघी सुखरूप आहेत." आईच्या तेराव्यालाही न रडलेल्या काकांनी त्या फडक्याने डोळे पुसले आणि ते खिशात घातलं. मग उगाच खातरी म्हणून एका हातातल्या छोट्या सेटवर बोलले आणि दुसऱ्या हातातल्यावर ऐकलं. आवाज खणखणीत आला. येणारच, खोलीतच तर उभे होते. "पलीकडच्या, मी आजोबा झालो रे," असंही ते समोरच्या डोंगरावरच्या मित्राला हर्षाने बोलून गेले. उत्तर आलं नाही, तेव्हा वाटलं, पाण्याला गेला असेल. कुलूप लावलं आणि पोरासारखे टेकडी उतरले.

आता काढावा म्हणून त्यांनी डमीला हात लावला आणि चटका बसून हात मागे घेतला.

डमी तापला होता. म्हणजे सेट बोलत होता. म्हणजे पलीकडून कुणीतरी त्याच्या कानात बोलत होतं, थोड्या वेळापूर्वी नव्हे, आत्ता. काकांनी पुढे येऊन पाहिलं. कुणी पलीकडे बटण दाबलं की सेटवर एक हिरवा दिवा लागतो. तो लागलेला होता. त्यांनी सेटचा स्पीकर मोठा केला. कटकट नको म्हणून कालच तो त्यांनी बंद केला होता.

"...अलीकडच्या, येतोय का आवाज? अलीकडच्या..."

घसा बसलेला, पण ओळखीचा आवाज. समोरच्या डोंगरावर, फोनची रेंज नसलेल्या जागी, वणव्यावर नजर ठेवणारी चौकी होती, तिथल्या राखणदाराचा. रोज संध्याकाळी सहाला काका आपल्या वर्कशॉपमधून त्याला विचारत, "ऐकू येतंय का?" आणि तो म्हणे, "तुझ्यापेक्षा बरं ऐकू येतं." बावीस वर्षं हा पाठ चालला होता. काल सहाला मात्र काका दवाखान्यात होते. प्रत्यक्ष भेट फक्त दोनदा. काकांनी त्याला पलीकडचा म्हणायचं, त्याने काकांना अलीकडचा. त्याची बायको चौकीवरच राहायची. तिला तर काकांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण ती मध्येच माईक हिसकावून म्हणायची, "भावोजी, तुमच्या मित्राला सांगा, चष्मा लावल्याशिवाय शिडी उतरत जाऊ नका. माझं ऐकत नाहीत, तुमचं तरी ऐकतील."

काकांनी फडक्यात धरून डमी काढला. सत्तावीस वर्षं डोळे मिटून लावलेली केबल तीनदा तिरकी बसली. चौथ्यांदा आटे धरले. त्यांनी छोटा सेट तोंडाशी नेला.

"पलीकडच्या, ऐकतोय. बोल."

खरखरीतून आवाज आला.

"आलास होय. मला वाटलं, तुलाच काही झालं."

"तू बरा आहेस ना?"

"मी बरा आहे. ही गेली. पहाटे."

काका खाली बसले.

"काल पाचपासून छातीत दुखतंय म्हणत होती," पलीकडचा सांगत होता, रोजचा अहवाल द्यावा तसं. "सहाला तुला हाक मारली. मग कंट्रोलला. मग दर पाच मिनिटांनी. शेवटी तीच म्हणाली, ओरडू नका, भावोजी ऐकत असतील, येईल गाडी. आता गाडीची घाई नाही रे. पण हिला खाली न्यायला चार माणसं लागतील. तेवढं सांग कुणाला तरी."

"कंट्रोल ऐकतंय," ताईंचा आवाज मध्ये आला. रडू आवरून त्या बोलत होत्या. "गाडी आणि माणसं आत्ता काढते. पण घाटातून चौकीपर्यंत सहा तास तरी लागतील. तुम्ही धीर धरा, दादा." मग त्यांनी विचारलं, "काका, वीज पडली होती ना?"

काल सहाला गाडी निघाली असती तर मध्यरात्रीपर्यंत पोचली असती. हा हिशेब काकांच्या डोक्यात आपोआप झाला आणि तिथेच अडकून बसला. त्यांना भयंकर भीती वाटली.

"वीजच असणार," त्यांच्याऐवजी पलीकडचाच बोलला. "इकडेही खूप चमकत होती. विजेपुढे कुणाचं काय चालतं? तू मनाला लावून घेऊ नकोस, अलीकडच्या."

केबल जागेवर होती. डमी पिशवीत टाकला की संपलं. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि एक दिवसाची नात घरी यायची होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मूठ त्यांनी झाकलीही असती. पण जिने बावीस वर्षं भावोजी म्हटलं, ती शेवटपर्यंत त्यांच्याच भरवशावर होती, हे ऐकून झालं होतं.

त्यांनी बटण दाबलं.

"वीज नव्हती. काल मी काम केलं आणि तोंडाची केबल लावायला विसरलो. डमी तसाच ठेवून घरी गेलो. तू जे बोललास ते सगळं इथवर येत होतं. पुढे गेलं नाही ते माझ्यामुळे."

"काका," ताई हळूच म्हणाल्या, "सगळ्या चौक्या ऐकतायत."

"ऐकू दे, ताई."

मग पलीकडच्याने विचारलं, "म्हणजे त्या खोलीपर्यंत माझा आवाज येत होता?"

"हो."

"रात्रभर?"

"हो रे."

त्यानंतर पलीकडून दिवा लागला नाही.

दुपारी साहेबांचा फोन आला. खाली या, लेखी द्या, असं ते म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं, पण साहेब अगदी हळू बोलत होते. "देतो लेखी," काका म्हणाले, "पण गाडी चौकीवर पोचेपर्यंत मी सेट सोडून हलणार नाही." नंतर मुलीचा फोन आला. "बाबा, कुठे आहात? तुमच्यासारख्याच आठ्या घालते हो ही." काकांनी "अगं, येतो," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. फडकं खिशात होतं, पण त्याने डोळे पुसायचं त्यांच्याच्याने झालं नाही.

सेटच्या दारावर आतल्या बाजूने एक पुठ्ठा टांगलेला होता. बिघाड आणि कारण, अशा दोन रकान्यांचा. वरपासून खालपर्यंत काकांचंच अक्षर. पाणी. उंदीर. वीज. उंदीर. पाणी. काकांनी आजची तारीख घातली. बिघाडाच्या रकान्यात लिहिलं, डमी काढला नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, मी. मग लाल फडकं केबलच्या सांध्याला गाठ मारून बांधून टाकलं. आता तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

ऊन उतरलं. साडेपाचच्या सुमारास ताईंनी कळवलं की गाडी घाट चढून आली आहे, अर्ध्या तासात पोचेल. घड्याळात सहा वाजले. खिडकीत ठेवलेला डमी केव्हाच गार पडला होता.

काकांनी बटण दाबलं. बोलायचा आपल्याला काही हक्क उरलेला नाही हे त्यांना कळत होतं. पण सहा वाजले होते.

"पलीकडच्या, ऐकू येतंय का?"

काका सेटसमोर उभे होते. मग हिरवा दिवा लागला. पलीकडे त्याने बटण दाबलं होतं. स्पीकरमधून शब्द आला नाही, श्वाससुद्धा नाही. खूप लांबून माणसांची चाहूल आल्यासारखं वाटलं, कुणीतरी शिडी चढत असावं. दिवा तसाच लागून राहिला. काका एकटक त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि तो विझल्यावरही जागचे हलले नाहीत.